माझी

सुनेत्रा देवस्थळीला नेकेसाचा पहिला राग आला तो तिच्या हसण्याचा.

जाब्रियातल्या त्या थेरपी सेंटरच्या वेटिंग रूममध्ये हसायची रीतच नव्हती. आया यायच्या, आपापलं मूल आत सोडायच्या आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायच्या. कुणी दुसऱ्याच्या मुलाकडे बघायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. न बोलता ठरलेला हा नियम सुनेत्राला फार आवडायचा. अख्ख्या कुवेतमध्ये तिला मोकळा श्वास घेता येईल अशी ती एकच खोली होती. आणि एका मंगळवारी दार ढकलून नेकेसा आत आली ती मोठ्याने हसतच. उंच, रुंद खांद्यांची, अंगावर नर्सचा निळा गणवेश, आणि हाताशी जाड भिंगांचा चष्मा लावलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा. आईने साऱ्या खोलीला मिळून एक 'गुड आफ्टरनून' घातलं आणि मुलाने एकेका खुर्चीपाशी जाऊन हात मिळवायला सुरुवात केली. सुनेत्रापाशी आला तेव्हा तिलाही हात पुढे करावाच लागला. त्याचा तळवा ओला होता. तो पुढे सरकल्यावर तिने पर्समधून हळूच टिश्यू काढून हात पुसला आणि वर पाहिलं, तर नेकेसाने ते बघितलेलं होतं. बघूनही ती हसतच होती.

"वाफुला," शेजारच्या खुर्चीत बसत नेकेसा इंग्रजीत म्हणाली. "डाउन सिंड्रोम." कुणी 'हा आमचा धाकटा' म्हणावं इतक्या सहज. "तुझी?"

"स्पृहा," सुनेत्रा म्हणाली. त्यापुढचं ती कधी म्हणतच नसे. 'ऑटिझम' हा शब्द तिने डॉक्टरांखेरीज कुणासमोर उच्चारला नव्हता.

"स्पु-रु-हा," नेकेसाने नावाचे तीन तुकडे करून ते तोंडात घोळवलं. "म्हणजे तू मामा स्पुरुहा. आणि मी मामा वाफुला. आमच्याकडे केनियात बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात."

रात्रीच्या जेवणाला सुनेत्राने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याला, मोरेश्वरला ठसकाच लागला. "मामा? अगं, तुझ्या भावाची नोकरी गेली की!"

"हसा तुम्ही. तुम्हाला काय, बँकेत जाऊन बसलं की झालं," सुनेत्रा म्हणाली. "मला मेली ती बाई नाहीच आवडली. आपल्या मुलाचं असं चारचौघांत कुणी सांगतं का?"

खरं तर तिला ती आवडली नव्हती असं नाही. तिला तिचा हेवा वाटला होता, आणि हेव्याची चव सुनेत्राला ओळखीची होती. मिरजेला शाळेत असताना तिला चुलत बहिणीच्या अक्षराचा हेवा वाटायचा, कॉलेजात मैत्रिणीच्या स्कूटीचा. लग्न होऊन, मोरेश्वरच्या नोकरीपाठोपाठ कुवेतला, एगैलात फ्लॅट थाटल्यावर तो जरा निवला होता. हेवा आता इतरांनी तिचा करावा अशी वेळ आली होती. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिच्यासारख्या गुळपोळ्या कुणाच्या होत नसत. मग स्पृहा झाली. त्याच वर्षी खालच्या मजल्यावरच्या ज्ञानदालाही मुलगी झाली. दोन्ही बारशी एकाच हॉलमध्ये झाली, पाळणे शेजारी शेजारी. ज्ञानदाची मुलगी 'आई' म्हणाली, मग शुभंकरोती म्हणाली, मग भरतनाट्यम करू लागली. स्पृहा छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

"काही मुलं बोलतात उशिरा," ज्ञानदा म्हणायची. "आमच्या दिरांचा मुलगा पाच वर्षांचा होईस्तोवर गप्प होता." स्पृहाला पाचवं लागून सरलं तशी ज्ञानदाने दिरांच्या मुलाचं नाव काढायचं सोडून दिलं, आणि ते सुनेत्राला जास्त लागलं. सांगलीहून सासूबाई फोनवर विचारायच्या, "दिवस असताना ग्रहणात विळीवर बसली होतीस का? आठवून बघ बरं." सुनेत्राने आठवून बघितलं होतं. अजूनही कधी कधी, भाजी चिरता चिरता, ती आठवून बघायची.

एका गणपतीत मंडळाच्या आरतीला झांजा सुरू झाल्या तशी स्पृहा कानांवर हात ठेवून सतरंजीवर आडवी पडली आणि अशी किंचाळली, की आरतीच थांबली. सगळ्या बायांनी वळून बघितलं. त्यानंतर स्पृहाला ताप येऊ लागला. गणपतीत यायचा, दिवाळीत यायचा, संक्रांतीला यायचा. तापामुळे ती घरी असायची आणि तिच्यापाशी कधी मोरेश्वर, कधी सुनेत्रा. "पोरीची प्रकृती नाजूकच बाई," मंडळातल्या नर्मदाकाकू हळहळायच्या, आणि सुनेत्रा तोंड पाडून म्हणायची, "हो ना काकू, हवाच मानवत नाही तिला इथली."

अकरा वर्षांत स्पृहा एक शब्द बोलली नव्हती. सुनेत्राने देवाकडे मागणं घालता घालता त्यातही कसर केली होती. आधी 'आई' मागितलं. मग म्हणाली, आई नको, काहीही चालेल, पण माझ्याकडे बघून म्हणू दे.

मंगळवार आणि शनिवार दोघींची वेळ एकच पडायची. नेकेसा बोलत राहायची आणि सुनेत्रा ऐकत नाही असं दाखवत ऐकायची. एकदा नेकेसाने डबा उघडला.

"चपाती घे," ती म्हणाली.

"याला चपाती आम्ही म्हणतो," सुनेत्रा म्हणाली.

"आम्ही पण चपातीच म्हणतो!"

"हा तर घडीचा पराठा आहे. आणि चपाती शब्द आमचा."

"मग चहाला काय म्हणता?"

"चहा. चाय."

"आम्ही चाय! गाडीला?"

"गाडी."

"गारी! दुकानाला आम्ही दुका. औषधाला दावा. रंगाला रांगी. आंब्याला एंबे." नेकेसाने मांडीवर थाप मारली. "मामा स्पुरुहा, तुमच्या लोकांनी गलबतं भरभरून शब्द आणून टाकले आमच्या किनाऱ्यावर. बरं झालं, मला तुझ्याशी बोलायला शब्द कमी पडायचे नाहीत."

सुनेत्राला हसू आलं. आलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण तिच्या लक्षात आलं की या खोलीत ती पहिल्यांदाच हसली होती.

"तू एवढी हसतेस कशी गं?" न राहवून तिने विचारलं.

"ठरवून." नेकेसाने चपातीचा तुकडा मोडला. "वाफुला झाला तेव्हा सासू म्हणाली, पोटुशी असताना तू कुणातरी लंगड्या-पांगळ्याला हसली असशील. त्याचा हा शाप. आमच्या गावात अजून असंच समजतात. मी दोन वर्षं हसायचीच बंद झाले. मग एक दिवस वाफुलाने माझ्या ओठांची टोकं बोटांनी धरून वर ओढली. तेव्हा म्हटलं, जायचा तो शाप गेला तेल लावत."

आणि इथे कुवेतमध्ये? इथे काय वेगळं, ती म्हणाली. शुक्रवारी मंगाफला त्यांच्या लोकांची प्रार्थना असते. घरकामाच्या बाया, ड्रायव्हर, दोन-चार नर्सेस. वाफुला शेजारी बसला की पोटुशी बाई उठून दुसरीकडे बसायची. एक वडीलधारी म्हणाली, याच्यात काहीतरी शिरलंय, काढून घेऊ. त्याने वाटलेला केक लोक कागदात गुंडाळून तसाच ठेवून जायचे. "खाण्यापिण्याचं माझ्याकडे असतं. एका शुक्रवारी पाण्याचा जग दिला वाफुलाच्या हातात आणि बाकी सगळ्या बाटल्या ठेवल्या कुलपात. म्हटलं, ज्याला तहान लागेल तो माझ्या मुलाच्या हातचं पिईल. ऑगस्ट महिना, एसी बंद पडलेला. पहिल्या दिवशी सगळे कोरड्या घशाने गायले, काय घाण गायले म्हणून सांगू! पुढच्या शुक्रवारी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने ग्लास पुढे केला. आता तर ती पोटुशी स्वतःच हाका मारून त्याला बोलावते."

सुनेत्राने ऐकलं आणि घरी येऊन कपाटातलं पितळी तांब्या-भांडं उगाचच घासून ठेवलं. हिला जमतं, तिच्या मनात आलं. हिच्या अंगात रगच तेवढी आहे. आपल्याला कुठली?

जानेवारीत सुनेत्राचं पित्ताशय काढायचं ठरलं. मोरेश्वरला बँकेत सुट्टी नव्हती. मंडळात पन्नास घरं, पण ज्या मुलीला कायमचा ताप असतो ती दिवसभरासाठी कुणाकडे ठेवणार? "नेकेसाला विचारू का?" मोरेश्वर म्हणाला, आणि सुनेत्राला नाही म्हणायला जागा राहिली नाही. नेकेसाने ड्यूट्या बदलून घेतल्या. सकाळी मोरेश्वर स्पृहाला मंगाफला नेकेसाच्या घरी सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा.

"कशी आहे?" हॉस्पिटलच्या कॉटवरून सुनेत्रा विचारायची.

"मजेत गं. वाफुलाच्या मागे मागे असते दिवसभर. शुक्रवारी त्यांच्या प्रार्थनेला पण गेली होती."

"सगळ्यांसमोर?"

"हो. तिथे टाळ्या वाजवतात, पण हिने कानांवर हात नाही ठेवले म्हणे."

सुनेत्राने कूस बदलली. टाके ओढले गेले.

ती घरी आली त्या संध्याकाळी नेकेसा स्वतः स्पृहाला घेऊन आली. दारातच सुनेत्राला स्पृहाचं डोकं दिसलं. बारीक बारीक घट्ट वेण्या, डोक्याला चिकटून रांगेत बसवलेल्या, टोकाला लाल मणी. ही मुलगी रोज सकाळी कंगवा दिसला की पलंगाखाली शिरायची. तिचे केस विंचरणं म्हणजे अर्ध्या तासाची कुस्ती.

"बसली?" सुनेत्राच्या तोंडून निघालं. "एवढा वेळ बसली तुझ्यापुढे?"

"तिला घट्ट धरलेलं आवडतं," नेकेसा म्हणाली. "तू फार भीत भीत विंचरत असशील."

सुनेत्रा काही बोलणार एवढ्यात स्पृहाने नेकेसाचं बोट धरून ओढलं, तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "माझी."

अगदी स्पष्ट. दोन अक्षरं. पुन्हा बोट ओढलं. "माझी."

मोरेश्वरने हातातली किल्ली खाली टाकली. "बोलली! सुनेत्रा, ऐकलंस? 'माझी' म्हणाली!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. नेकेसा हसत हसत "हो, हो, घरी पण म्हणते," असं म्हणत स्पृहाला घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. सुनेत्रा मात्र सोफ्याचा हात धरून उभी राहिली. टाके दुखतायत म्हणाली आणि आत जाऊन पडली.

अकरा वर्षं. अकरा वर्षं जिची धुणी धुतली, जिच्या घासासाठी पोळीचे कडक काठ काढून टाकले, जिच्यापायी सण सोडले, त्या मुलीने तोंड उघडलं ते परक्या बाईचं बोट धरून तिला 'माझी' म्हणायला. आणि तेही मराठीत! म्हणजे शिकली आपल्याकडून, दिलं तिला.

नेकेसा गेल्यावर तिने स्पृहाला समोर बसवलं आणि एकेक वेणी सोडायला घेतली. स्पृहा ओरडली, चावली. मोरेश्वर म्हणाला, "अगं राहू दे ना, चांगल्या दिसतायत."

"डोकं दुखत असेल तिचं," सुनेत्रा म्हणाली. लाल मणी तिने मुठीत गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

स्पीच थेरपिस्ट जवेरियाला तिने नाइलाजाने सांगितलं. जवेरिया मूळची श्रीवर्धनची, मराठी छान बोलायची. तिने स्पृहाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि खुर्चीतून उठलीच. "माशाल्ला! वहिनी, आहात कुठे तुम्ही? मुलं आधी नाव शिकतात, वस्तू शिकतात. ही एकदम 'माझी' म्हणते! नातं सांगते! उच्चार पण किती साफ!"

"हो ना," सुनेत्रा म्हणाली. "वेळ बदलून मिळेल का आम्हाला? मंगळवार-शनिवार नको."

नेकेसाने फोन केले, सुनेत्राने उचलले नाहीत. बरं वाटत नाही, असा मेसेज टाकला. आता ताप आईला आला होता.

पण स्पृहा तो शब्द सोडेना. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. "माझी." सुनेत्रा पोळी लाटता लाटता म्हणायची, "ती नाहीये इथे." "माझी. माझी." "ती तुझी नाही, स्पृहा. मी तुझी. म्हण, आई." स्पृहा ओट्यावर हात आपटायची, रडायची. रडून रडून दमली की सुनेत्रा तिला ठरल्या वेळेची पाण्याची बाटली द्यायची आणि स्पृहा ती घटाघटा संपवायची. रडून घसा कोरडा पडला असणार, सुनेत्राच्या मनात यायचं.

मार्चअखेरीस ऊन तापायला लागलं. एका दुपारी सेंटरहून परतताना हायवेवर कुठेतरी अपघात झाला होता आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. मागच्या सीटवरून सुरू झालं. "माझी. माझी. माझी." गाडीतला एसी तापलेल्या काचांपुढे हरला होता. स्पृहा सीटच्या पाठीवर लाथा मारत होती. सुनेत्राने मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलीवर किंचाळली, "मग जा तिच्याकडे! जा! ती तुझी, मी कोण?"

स्पृहा गप्प झाली. ती तशी गप्प झालेली सुनेत्राला बघवेना. घरी आल्यावर तिने मुलीचे पाय दाबले, तिच्या आवडीचा दहीभात कालवला. आणि शनिवारी, पूर्वीच्याच वेळी, तिला घेऊन ती सेंटरला गेली. जिची आहे तिला भेटवून टाकू. आपला हेवा आपल्यापाशी, पोरीने का झुरावं?

वेटिंग रूममध्ये नेकेसा होती, वाफुला होता. नेकेसा उभी राहिली, पण हसली नाही. तिलाही काहीतरी समजलेलं होतं. सुनेत्राने स्पृहाचा हात सोडला. मनातल्या मनात छाती घट्ट करून ती बघू लागली, आता ही धावेल, त्या बाईला बिलगेल.

स्पृहा धावली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "माझी."

नेकेसाने तिच्याकडे बघितलं, पण पुढे झाला तो वाफुला. चष्मा नीट केला, कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेला, कागदी पेल्यात पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, स्पृहापुढे आणून धरलं. "माजी," तो म्हणाला. स्पृहाने पेला रिकामा केला. रिकामा पेला परत त्याच्यापुढे धरला. "माजी." तो पुन्हा कूलरकडे गेला.

सुनेत्रा खुर्चीत बसली.

"माजी म्हणजे..." तिने विचारलं.

"पाणी," नेकेसा म्हणाली. "आमच्याकडे पाण्याला माजी म्हणतात. शुक्रवारी दोघांनी मिळून पाणी वाटलं ना, तिथे उचललं तिने. का? घरी मागत नाही?"

घरी. स्वयंपाकघराचं दार, ओट्यावर आपटलेले हात, तापलेली गाडी. मुलगी पाणी मागत होती आणि आई तिला 'मी तुझी' म्हणत होती. सुनेत्राने पदर तोंडात धरला. मग तिने नेकेसाला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. 'माझी' म्हणजे मराठीत काय, वेण्यांचं काय केलं, मणी कुठे टाकले. सेंटरची वेळ का बदलली. ग्रहण सांगितलं. ताप सांगितला, सगळ्या सणांचा.

नेकेसाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मणी टाकलेस? ते माझ्या बहिणीने पाठवले होते." मग म्हणाली, "तुला माझा हेवा वाटतो. मला तुझा वाटायचा, ठाऊक आहे?"

"माझा? माझ्यात काय आहे?"

"तुला ताप सांगता येतो." तिने वाफुलाकडे बघितलं. तो आता खोलीतल्या सगळ्यांनाच पाणी वाटायला लागला होता. "स्पुरुहा गप्प उभी राहिली की कुणाला काही दिसत नाही. सुंदर मुलगी, आईसारखे केस. माझ्या मुलाचा चेहरा लिफ्टमध्ये शिरताक्षणी सगळं सांगून टाकतो. मला लपवायची सोयच नव्हती. असती ना, तर मीही लपवलं असतं, मामा स्पुरुहा. शूरबिर काही नाहीये मी. तुझ्याकडे बघून वाटायचं, हिच्याकडे दार आहे आणि ही ते लावून बसू शकते. किती जळायचे मी!"

वाफुला सुनेत्रापुढे पेला घेऊन उभा राहिला. त्याचा हात ओलाच होता. तिने पेला घेतला आणि प्यायली.

चैत्रात सुनेत्राने हळदीकुंकू केलं. कित्येक वर्षांनी तिच्या घरी बायका येणार होत्या. डाळ वाटली, पन्हं केलं. पन्ह्याचं तिने स्वतःकडे ठेवलं, पाण्याचे ग्लास तेवढे एका ट्रेमध्ये भरून स्पृहापुढे ठेवले. सकाळी तिचे केस विंचरताना सुनेत्राने या वेळी भीत भीत हात लावला नाही. घट्ट, ओढून, दोन वेण्या घातल्या. मुलगी पलंगाखाली गेली नाही. टोकाला लाल मणी ओवले. शोध शोध शोधून फहाहीलच्या बाजारातून आणलेले, पण रंग तसा जमला नव्हता.

ज्ञानदा पहिली आली. बसता बसता म्हणाली, "आज स्पृहाला ताप नाही वाटतं?"

"तिला ताप कधी नव्हताच," सुनेत्रा म्हणाली. "ऑटिझम आहे. मी खोटं सांगत होते."

ज्ञानदाचा हात कुंकवाच्या करंड्यावर तसाच राहिला. तेवढ्यात बेल वाजली. नेकेसा आली होती, पिवळाधमक झगा घालून, सोबत वाफुला.

"मेड ठेवलीस?" ज्ञानदाने हळू आवाजात विचारलं. "रोजची की राहणारी?"

"नर्स आहे ती. माझी मैत्रीण," सुनेत्रा म्हणाली. म्हणताना 'माझी' हा शब्द तिच्या जिभेवर जरा अडखळला.

खोली भरली. नर्मदाकाकूंनी क्षणभर बघितलं आणि मग नेकेसाच्याही कपाळाला कुंकू लावलं. नेकेसाने ते आरशात बघून, "मस्त! ड्यूटीवर असंच जाते," म्हटलं आणि बायका हसल्या. हसण्याच्या आवाजाने स्पृहाचे हात कानांकडे जायला निघाले. वाफुलाने ट्रेची एक बाजू धरली. हात परत ट्रेकडे आले.

दोघं निघाली. पहिला ग्लास स्पृहाने नेकेसाला दिला. सुनेत्राने ते बघितलं, आणि पोटात ओळखीचं काहीतरी चावलं. चावू दे, म्हणाली. मग ज्ञानदाला. तिने स्पृहाकडे, वाफुलाकडे आणि ग्लासकडे बघितलं, आणि घेतला. मग स्पृहा नर्मदाकाकूंपुढे थांबली, त्यांच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"माझी."

"अगंबाई!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "ऐकलंत का गं? 'माझी' म्हणाली! मला माझी म्हणाली पोर!" त्यांचे डोळे भरून आले. बायकांमध्ये कुजबुज उठली, ज्ञानदाही पुढे वाकली. "किती गोड म्हणाली!" "कोण म्हणतं हिला बोलता येत नाही?"

सगळ्यांचे चेहरे सुनेत्राकडे वळले, आणि त्या चेहऱ्यांवर तिला जे इतकी वर्षं हवं होतं ते होतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं.

"नाही काकू," सुनेत्रा म्हणाली. "पाणी म्हणतेय ती. नेकेसाच्या भाषेत पाण्याला माजी म्हणतात. प्या ना."

"हो का?" काकू ओशाळल्या. ग्लास घेतला. मग मायेनेच विचारलं, "आणि तुला गं? तुला काय म्हणते?"

"मला अजून काही म्हणत नाही."

काकूंनी ग्लास तोंडाला लावला. नेकेसाने कैरीच्या डाळीचा मोठा घास घेतला, मिरची लागली आणि ती खोकायला लागली. त्या गडबडीत गप्पा पुन्हा सुरू झाल्या. सुनेत्रा सकाळपासून ओट्याशी उभी होती. तिच्या लक्षात आलं की तिने स्वतः काहीच प्यायलेलं नाही, घसा कोरडा पडलाय. ट्रेमध्ये एकच ग्लास उरला होता.

तिने हात पुढे केला. "स्पृहा," ती म्हणाली, "माजी."

स्पृहा थांबली. वळली. आईकडे बघितलं, हाताकडे नाही, तोंडाकडे. ग्लास उचलला, आधी स्वतः त्यातलं अर्धं प्यायली, आणि उरलेलं आईच्या हातात दिलं.